दुसरं कुलूप

तिसरा तास. खोली चौदा. पूर्वी इथे शिवण शिकवायचे,
भिंतीवर अजून इंचांची पट्टी रंगवलेली आहे.
तिच्याखाली मी पोरांना उभं करते, उंची लिहायला,
फोटो समोरून एक, बाजूने एक.
ती हसतात. हसू देते.
फोटोत हसायचं नसतं, हे सतराव्या वर्षी कुणाला पटतं?

याकिमाच्या खोऱ्यात एप्रिलची थंडी.
सफरचंदाच्या मोहोरावर दंव बसू नये म्हणून
रात्रभर बागांतले पंखे घरघरत होते.
अर्धा वर्ग बापाबरोबर शेगड्या पेटवून थेट इथे आलाय.
टोबिनच्या बाहीला डिझेलचा वास.
मी हजेरी घेते, डुलक्यांसकट.

आज धडा अटकेचा. पुस्तक मिटते,
टेबलावर ठेवते सहा जोड हातकड्या,
शेरीफच्या ऑफिसने भंगारात काढलेल्या.
हे पहिलं कुलूप, मी सांगते, आपोआप लागतं.
दात पुढे सरकतात, मागे येत नाहीत.
आणि किल्लीच्या टोकाला ही खुंटी बघा,
तांदळाच्या कणीएवढी. ती इथे दाबायची.
मग माणूस कलंडला, पडला, झटापटीत वळला
तरी कडी आवळत नाही.
आधी एक बोट आत जातंय का पाहा, मग दुसरं कुलूप.
परीक्षेला आहे.

खोलीभर कटकट, कटकट.
टोबिन चोर होतो, टेबलाखाली लपतो, सापडतो.
फक्त नायेली बारागान हात लावत नाही.
"आणि जे दुसरं लावतच नाहीत, मिस हॅडलॉक?"
नियमात आहे, लावायचंच.
"मी नियम नाही विचारला."
मग खाली बघत, जणू टेबलालाच सांगावं तसं:
एफ्राइनच्या अंगठ्याला सुई टोचली तरी कळत नाही.
दोन वर्षं झाली.
पॅकिंग शेडमध्ये तो पेट्या डाव्या हाताने उचलतो.
त्याला सोडून दिलं होतं त्याच रात्री,
माणूस चुकीचा होता म्हणून.

बावीस वर्षं मी गणवेश घातला.
कालव्याकाठचा रस्ता, गारांचा मारा, एकोणीस मैल.
मागच्या सीटवरून आवाज, बाई, घट्ट होतंय.
सगळेच म्हणतात.
किल्ली शर्टाच्या खिशात होती,
वायपर चालू होते, मी चालवत राहिले.
तो एफ्राइन नव्हता. त्याचं नाव मला आठवत नाही.
अहवालातलं माझं वाक्य मात्र आठवतं:
दोन्ही कुलपं लावली.

हे त्यांना सांगायचं ठरवलं नव्हतं.
सांगितलं. खोली चौदामध्ये
कुणीतरी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.
मग मी हात पुढे केले, नायेलीपुढे,
पहिलंच कुलूप फक्त, म्हटलं.
तिने लावलं. मी खुर्चीत जरा वळले,
कट. पुन्हा वळले,
कट.
म्हातारीचं मनगट, वर कातडी तेवढी.
"घट्ट होतंय," मी म्हणाले.
पोरं माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होती.

घंटा झाली. कुणी उठलं नाही.

घरचा अभ्यास होता अहवाल, अर्धं पान,
जे पाहिलं तेवढंच, विशेषणं नकोत.
टोबिनने दीड पान लिहिलं, त्यात रक्तही होतं.
नायेलीच्या चार ओळी:
"वेळ दहा चाळीस. बाई म्हणाल्या, घट्ट होतंय.
किल्ली माझ्या हातात होती.
मी अकरापर्यंत मोजलं.
मग उघडलं."

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात.
माझ्या मनगटावरचं काकण दुपारपर्यंत तांबडं होतं,
मग पुसलं गेलं.
रात्री पंखे पुन्हा सुरू झाले.
स्वयंपाकघरात लाल पेन घेऊन बसले,
एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं,
गुणांची जागा तशीच ठेवली.